साल भरलं, बारा मेंढ्या कुठे गेल्या? लेसोथोच्या डोंगरातल्या एका गुराख्या मुलाचं प्रकरण

दोन गुराखी मुलं: थोरला १४ वर्षांचा, धाकटा ११ वर्षांचा. राखणीला १४० मेरिनो मेंढ्या, ४० अंगोरा शेळ्या, ९ गाई-बैल, एक गाढव आणि दोन कुत्रे. ठिकाण लेसोथोच्या पूर्वेकडचा मोखोत्लोंग जिल्हा, सुमारे २,८०० मीटर उंचीवरचं दगडी खोपट. मुदत ऑक्टोबर ते ऑक्टोबर, एक साल. थोरल्याची मजुरी ठरली होती साल भरल्यावर १२ मेंढ्या. साल भरलं तेव्हा त्याला २ मेंढ्या मिळाल्या, त्याही मालकीच्या कागदाशिवाय.

हे कुणा एका घराचं प्रकरण नाही. त्या डोंगरात वर्षानुवर्षं दिसणाऱ्या गोष्टी एका सालात ओवून ते उभं केलं आहे, आणि कळपाचे, शिध्याचे, वजावटीचे आकडे हिशेब नीट मांडता यावा म्हणून धरले आहेत. गुराखी पोरांविषयी लिहिलं जातं तेव्हा थंडी, एकटेपणा आणि डोंगराची भव्यता यांवरच बहुतेक भर असतो. थंडी खरी आहे, तिनं जीव जातात. पण या मुलाच्या दहा मेंढ्या गेल्या त्या करारात. बर्फ निमित्त झालं. ते कसं, हे पाहायचं तर सालाच्या सुरुवातीपासून जायला हवं.

बोली कशी ठरली

लेसोथोला चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेचा वेढा आहे. देशातली सगळ्यात सखल जागासुद्धा समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटरवर आहे, आणि थाबाना न्त्लेन्याना हे सर्वांत उंच शिखर ३,४८२ मीटरचं. नांगराखाली येईल अशी जमीन थोडी, बाकी सगळा गवताळ डोंगर. म्हणून मेंढीची लोकर आणि अंगोरा शेळीचं मोहेर, म्हणजे तिचे कातरलेले केस, हा डोंगरातल्या घरांचा रोख पैसा. बासोथो, म्हणजे लेसोथोच्या, लोकांत म्हणच आहे की गाय म्हणजे ओल्या नाकाचा देव.

जनावरं राखायचं काम पोरांकडे असणं तिथे जुनं आहे. पाच-सहा वर्षांचा मुलगा गावाजवळ कोकरं-वासरं राखतो, दहाच्या आसपास मोठ्या कळपाबरोबर जायला लागतो, मग वरच्या कुरणात मुक्कामाला. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींनी हा भार आणखी वाढवला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस लाखाहून जास्त बासोथो पुरुष खाणीत होते. त्यांच्या पगारातून जनावरं घेतली जात आणि ती राखायला घरात पोरंच उरत. १९९०नंतर खाणकाम आटलं, माणसं परतली, पण तोवर एड्सनं घरंच्या घरं मोडली. अनाथ मुलं वाढली आणि दुसऱ्याच्या कळपावर मजुरीनं जाणारी पोरंही. याचाच दुसरा परिणाम असा, की लेसोथोत लिहिता-वाचता येणाऱ्यांचं प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आहे. मुली वर्गात राहिल्या, मुलगे डोंगरावर गेले.

थोरल्याचे वडील नाहीत. आई राजधानी मसेरूला कपड्यांच्या कारखान्यात कामाला, घरी आजी. मजुरीची बोली केली त्याच्या मामानं. मालक खाणीतून परतलेला, साठीकडे झुकलेला माणूस. तोही काही सावकार नव्हे. त्याला पेन्शन नाही, या १४० मेंढ्याच त्याची म्हातारपणाची ठेव. धाकटा या मालकाच्या बहिणीचा मुलगा. नात्यातला म्हणून त्याला मजुरी नाही, फक्त जेवण आणि वर्षाकाठी कपडे.

महाराष्ट्रात गुढीपाडव्याला सालगडी ठरतो, तसाच हा व्यवहार. सालाला एक गाय किंवा १२ मेंढ्या हा डोंगरातला बराच रुळलेला दर आहे. काही मालक आता महिन्याला रोख मालोती, म्हणजे लेसोथोचं चलन, देतात. दर वाईट म्हणता येणार नाही. १२ मेंढ्यांत माद्या असतील तर तीन-चार वर्षांत मुलाचा स्वतःचा लहानसा कळप होतो, आणि म्हणूनच पोरं ही बोली रोखीपेक्षा पसंत करतात. बिघाड आहे तो न बोललेल्या गोष्टींत. मेंढ्या माद्या की खच्ची नर, तरण्या की दात पडलेल्या, हे ठरलं नाही. मेलेल्या, चोरीला गेलेल्या, कोंडवाड्यात अडकलेल्या जनावराची भरपाई कुणी करायची, हे ठरलं नाही. मुलगा मध्येच आजारी पडून घरी गेला तर झालेल्या महिन्यांचं काय, तेही नाही. आणि सगळी मजुरी शेवटच्या दिवशी एकदम द्यायची असल्यामुळे वर्षभरात जे काही बिनसेल ते वळतं करून घ्यायला मालकाच्या हाती बारा मेंढ्यांची आयती ठेव राहिली.

वरची जागा

वरच्या कुरणातल्या मुक्कामाला मोतेबो म्हणतात. गोल खोपट, चुना-मातीशिवाय रचलेल्या दगडांची भिंत, वर गवताचं छप्पर, वाकून शिरावं लागेल एवढं दार, खिडकी नाही. मधोमध चूल, कडेला दगडाचा ओटा, त्यावर गवत अंथरून झोपायचं. शेजारी छातीएवढ्या दगडी कुंपणाचा गोठण. झाडं नाहीत, म्हणून सरपण नाही. जळण म्हणजे गोठणातल्या तुडवून घट्ट झालेल्या शेणाच्या कापलेल्या वड्या, माळावरच्या सुकलेल्या शेण्या, आणि सेहालाहाला नावाचं खुरटं झुडूप. हे झुडूप जिथे माजलं असेल तिथलं कुरण अति चराईनं थकलं आहे असं समजावं. जनावर त्याला तोंड लावत नाही, फक्त चूल पेटते.

शेणाचा जाळ उबदार असतो पण धूर बसून राहतो. या पोरांचे लाल डोळे आणि न हटणारा खोकला यांचं मूळ तिथे आहे. रात्री थंडीमुळे दार दगड-पोत्यानं बुजवून धगधगता विस्तव आत ठेवून झोपणं हा सगळ्यात गुपचूप येणारा धोका: विषारी वायूनं झोपेतच माणूस जातो. विस्तव निजण्याआधी बाहेर काढायचा, किंवा छपराखाली भिंतीत दोन मुठींएवढं भोक उघडं ठेवायचं. दगड तापवून पोत्यात गुंडाळून पायाशी घेतला तर रात्र निघते.

अंगावर कोबो, म्हणजे जाड लोकरी घोंगडी, पायात गमबूट, डोकं-कान झाकणारी माकडटोपी, हातात मोलामू ही काठी. गमबूट पावसात उत्तम, थंडीत फसवे. आत घाम साचतो, पाय ओले राहतात आणि बोटं बधिर होतात. जाणती पोरं बुटात वाळकं गवत कोंबतात आणि दुपारी ते बदलतात. बधिर झालेली बोटं थेट विस्तवावर धरायची नाहीत, कारण चटका कळत नाही आणि कातडी भाजून निघते. ती काखेत किंवा जनावराच्या पोटाशी धरून ऊब आणायची.

आपल्याकडे धनगरांचा वाडा मेंढ्यांमागे फिरतो तेव्हा बायका, लेकरं, घोडी, कोंबड्या सगळं बरोबर असतं. इथे दोन मुलं आहेत आणि सगळ्यात जवळचा मोठा माणूस पलीकडच्या धारेवरच्या मोतेबोत.

दिवस

उजाडताच गाईंची धार. दुधाचा काही भाग आंबवून ठेवायचा. मग मोजणी. ही मुलं आकड्यानं कमी आणि ओळखीनं जास्त मोजतात: तुटक्या कानाची, काळ्या गुडघ्याची, नेहमी शेवटी निघणारी. कळपातली कुठली नाही हे त्यांना मोजण्याआधी जाणवतं. मेंढ्या दहिवर वितळल्यावरच सोडायच्या. भुकेल्या पोटी गारठलेलं ओलं गवत खाल्लं की त्या बिघडतात.

दिशा कळणं हे इथलं मोठं शिक्षण. दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडून येतं, त्यामुळे उत्तरेला तोंड असलेला उतार उबदार. तिथे सेबोकू हे सकस गवत असतं आणि बर्फही तिथे आधी वितळतो. दक्षिणेकडचा उतार आणि फार उंचावरची सपाटी गार, तिथे लेत्सिरी हे राठ गवत. शहाणा गुराखी पावसाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, वरचं आणि गार अंगाचं गवत खाऊ घालतो आणि उत्तर उतार मागच्या महिन्यांसाठी राखतो. आमच्या प्रकरणात हे झालं नाही. नव्या मुलाला ते कुणी सांगितलं नव्हतं. मोतेबोजवळचा उबदार उतार सोयीचा म्हणून कळप तिथेच चरला आणि मार्चअखेर तो बोडका झाला.

पाणथळ कुरणं वेगळीच डोकेदुखी. हिरवीगार दिसतात, पण गाय रुतली की दोन पोरांच्यानं निघत नाही, आणि तिथल्या गोगलगायींमुळे मेंढ्यांना यकृतातल्या चपट्या कृमीची लागण होते. अशक्तपणा, जबड्याखाली सूज, फिकट पडलेली आतली पापणी ही तिची खूण. रोज संध्याकाळी चार-पाच मेंढ्यांच्या पापण्या खाली ओढून बघायला दोन मिनिटं लागतात. लोकर झडून अंग घासणारी मेंढी दिसली तर खरूज धरायची आणि तिला लगेच वेगळी काढायची. दोनच आठवडे गेले तरी सगळा कळप घासायला लागतो आणि लोकरीचा भाव पडतो.

उन्हाळी वादळात वीज पडते. उघड्या धारेवर गुराख्याचं डोकंच सगळ्यात उंच असतं. ढग काळवंडले की कळपाला धारेवरून उतरवायचं, स्वतः कळपापासून अंतर ठेवून सखल जागी पाय जुळवून उकिडवं बसायचं. कुंपणाच्या तारेजवळ थांबायचं नाही. रात्री कोल्हे कोकरांवर येतात, त्यासाठी कुत्रे. चोरांसाठी कुत्रे पुरत नाहीत. जनावरांची चोरी हा लेसोथोच्या डोंगरातला सशस्त्र धंदा झाला आहे आणि मोखोत्लोंगसारखे सीमेवरचे जिल्हे त्यात भरडले जातात. मालकांची अपेक्षा असते की पोरानं पाठलाग करावा. बंदूकवाल्यामागे काठी घेऊन धावलेली पोरं मेली आहेत. किती जनावरं गेली, कोणत्या खिंडीकडे, किती माणसं, घोडे किती, एवढं लक्षात ठेवून शेजारच्या मोतेबोला हाक द्यायची आणि एकानं गावप्रमुखाकडे उतरायचं, इथवरच मुलाचं काम असायला हवं.

कामाच्या फटीत खेळही असतो. सपाट दगडावर रेघा मारून मोराबाराबा मांडतात, काठ्यांनी लुटुपुटूच्या लढाया होतात, ओल्या मातीचे बैल घडवतात. एका तारेला पिसाचा देठ लावून ओठांनी फुंकत वाजवायचं लेसिबा हे गुराख्यांचंच वाद्य.

शिध्यात कुत्रे धरले नव्हते

सालाची पहिली चूक इथे सापडते, आणि ती गणिताची आहे. मालक दर पाच आठवड्यांनी गाढवावरून ५० किलो मक्याच्या पिठाचं एक पोतं, मीठ, थोडं तेल आणि काडेपेट्या पाठवत असे. पापा म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, हेच दोन वेळचं जेवण. बरोबर दूध, कधी रानभाजीचं मोरोहो. दिवसभर डोंगर चढणारं पोर ६०० ग्रॅम पीठ सहज खातं. दोघांचं रोजचं १ किलो २०० ग्रॅम. या हिशेबानं पोतं ४१ दिवस पुरतं आणि मालकाचे पाच आठवडे बरोबर बसतात.

पण कुत्रेही पापाच खातात. दोन कुत्र्यांना ३०० ग्रॅमप्रमाणे रोज ६०० ग्रॅम. एकूण १ किलो ८०० ग्रॅम. पोतं २८व्या दिवशी तळाला लागतं. म्हणजे दर फेरीत एक आठवडा उपास. नोव्हेंबर ते फेब्रुवारी गाई दुभत्या असल्यानं तो आठवडा दुधावर निघाला आणि मालकाला काही कळलं नाही. एप्रिलला दूध आटलं. कुत्र्यांना उपाशी ठेवावं तर कोल्हे येतात, स्वतः उपाशी राहावं तर चढ चढवत नाही. अशाच वेळी पोरं एखादी मेंढी कापून खातात आणि कोल्ह्यानं नेली म्हणून सांगतात. मालकांचा पोरांवरचा अविश्वास पुष्कळदा इथूनच सुरू होतो. या दोघांनी मेंढी कापली नाही.

यावर उपाय स्वस्त आहे. फेरी चार आठवड्यांची करायची, आणि शिवाय १८ किलो पीठ शिवलेल्या वेगळ्या पिशवीत वरच ठेवायचं. ते दहा दिवसांचं पीठ होतं, आणि बर्फानं वाट बंद झाली तर तेवढे दिवस निभतात. पिशवी फोडली की निरोप पाठवायचा, हा नियम.

मे महिन्याची कोंडी

वरच्या कुरणांवर एप्रिलनंतर गवत वाळतं, रात्री कडक होतात, मेमध्ये पहिला बर्फ पडू शकतो. कळपानं तेव्हा खाली यायला हवं. पण खाली गावात मका आणि ज्वारी अजून उभी असते, कापणी जून-जुलैची. गावाजवळची राखीव कुरणं, ज्यांना लेब्वेल्ला म्हणतात, ती उन्हाळाभर गवत वाढावं म्हणून बंद असतात आणि मोरेना, म्हणजे गावप्रमुख, जाहीर करील तेव्हाच उघडतात. तोवर आत सापडलेलं जनावर कोंडवाड्यात जातं आणि डोईमागे दंड बसतो. म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत कळपाला वर राहणं धोक्याचं आणि खाली येणं गुन्ह्याचं. अनुभवी माणूस हा काळ मधल्या उंचीवरच्या दऱ्यांत काढतो. मालकानं मात्र निरोप धाडला होता: मी सांगेपर्यंत हलायचं नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात पीठ संपलं. थोरला पलीकडच्या मोतेबोवर उसनं पीठ आणायला गेला. जाऊन येऊन अर्धा दिवस. मागे ११ वर्षांचा धाकटा एकटा, १८० शेळ्या-मेंढ्यांवर. जवळचा उतार बोडका असल्यानं मेंढ्या पांगल्या, आणि तीसेक मेंढ्या गवताच्या वासानं खाली सरकत लेब्वेल्लात शिरल्या. कुरणाच्या राखणदारांनी त्या कोंडवाड्यात घातल्या. मालकाला दंड भरावा लागला. हिशेबात हा दंड दोन मेंढ्यांएवढा धरला गेला, थोरल्याच्या नावावर, कारण तो जागेवर नव्हता.

मेअखेरीस बर्फ आलं. त्याची चाहूल लागली होती. शीतलहर येण्याआधी वायव्येकडून एक-दोन दिवस अवेळी उबदार वारा सुटतो, मग तो नैऋत्येकडे वळतो आणि तासाभरात गारठा पडतो. थोरल्यानं उबदार वारा ओळखला. ४०० मीटर खाली, उत्तरेला तोंड असलेली, वाऱ्याच्या आडोशाची दरी त्याला माहीत होती. सकाळी निघाला असता तर दुपारी तिथे पोचला असता. धारेवर चढून त्यानं फोनही लावून पाहिला. रेंज मिळाली, पण मालकाचा फोन बंद होता. हलू नका म्हटलेलं आणि नुकताच एक दंड अंगावर. तो हलला नाही.

पुढचं ठरलेलंच. अंगोरा शेळ्या थोड्याच आठवड्यांपूर्वी कातरल्या होत्या. कातरलेली अंगोरा शेळी थंड पावसात किंवा ओल्या बर्फात काही तासांत कोसळते; तिच्या अंगावर चरबीचा थर नसतो आणि केस हेच तिचं पांघरूण. कातरणीनंतर निदान चार-सहा आठवडे तिला छपराखाली नेता येईल अशा जागी ठेवावं लागतं. मोतेबोच्या खोपटात दहाच मावल्या. बाहेर ४ शेळ्या मेल्या. मेंढ्या वाऱ्याकडे पाठ करून गोठणाच्या एका भिंतीशी गोळा झाल्या, एकमेकींवर चढल्या, आणि खालच्या ६ गुदमरल्या. अशा रात्री गोठणात फिरत राहून ढीग मोडत राहावा लागतो. दोघं आळीपाळीनं ते करत होते. पहाटे धाकट्याच्या पायांची संवेदना गेली तेव्हा थोरला त्याला आत घेऊन बसला, आणि ढीग तेवढ्या वेळात झाला.

सकाळी त्यांनी जे केलं ते पाठ्यपुस्तकात घालण्याजोगं आहे. बैल-गाई पुढे काढून बर्फात वाट फोडली, मागून शेळ्या, शेवटी मेंढ्या, आणि कळप उत्तर उतारावर आणला. मेलेल्या दहाही जनावरांची कातडी कानांसकट सोलून ठेवली, म्हणजे कानावरच्या खुणेवरून जनावर ओळखू यावं. उरलेली सगळी जनावरं जिवंत खाली आली.

जून ते ऑगस्ट

कापणीनंतर कळप गावात येतो, धाटं आणि उघडलेली राखीव कुरणं खातो. पोरांना रात्री घरचं छप्पर मिळतं. शिक्षणाची खरी संधी या तीन महिन्यांची आहे.

लेसोथोत २०००पासून प्राथमिक शाळा इयत्तेगणिक मोफत होत गेली आणि २०१०च्या शिक्षण कायद्यानं ती सक्तीची झाली. गुराखी मुलाला यातून फारसं मिळत नाही. शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं तेव्हा तो वर असतो. १४ वर्षांच्या पोरानं पहिलीतल्या सहा वर्षांच्या मुलांशेजारी बसावं, ही कल्पनाच तो झटकून टाकतो. त्यापेक्षा संध्याकाळचे वर्ग चालतात. १९७४मध्ये सुरू झालेलं लेसोथो दूरशिक्षण केंद्र अशी शिक्षणठाणी चालवत आलं आहे, आणि सेंतेबाले या संस्थेनं गुराख्यांच्या रात्रशाळांना मदत केली आहे. काही घरांत दोन भाऊ असतील तर एक आठवडा एक शाळेत, दुसरा कळपावर, अशी पाळी लावतात. पाळीतला शिक्षक दोघांना एकच मुलगा समजून धडा पुढे नेईल तरच ती टिकते. नाहीतर दोघंही अर्धे राहतात.

वर्ग कधी घ्यायचा यावर सगळं अवलंबून आहे. गोठणाचं दार लागून, धार काढून, जेवण होईपर्यंत अंधार पडतो. त्याआधी वर्ग ठेवला तर पोरं येत नाहीत आणि शिक्षक म्हणतात की त्यांना गोडी नाही. वर्ग चालण्याच्या अंतरावर हवा, दिवा हवा, आणि ताटभर पापा मिळाला तर हजेरी टिकते. शिकवायची सुरुवात कशानं करावी? जनावराच्या मालकीच्या दाखल्यानं. त्याला तिथे बेवेस म्हणतात. त्यावर मालकाचं नाव, जनावराचा प्रकार, रंग, कानाची खूण, संख्या असते. ज्या मुलाला दीडशे मेंढ्या चेहऱ्यानं ओळखता येतात त्याला हा कागद वाचायला आणि भरायला एक हिवाळा पुरेसा आहे. बेरीज-वजाबाकी पिठाच्या पोत्यावर शिकवावी.

हिवाळ्यातच गावात लेबोलोची, म्हणजे पुरुषदीक्षेची, तयारी चालते आणि थोरल्याच्या वयाची पुष्कळ पोरं तिकडे जातात. वर्गांचं वेळापत्रक गावच्या वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय ठरवलं तर ते तिथेच मोडतं.

या सालात थोरला रात्रवर्गाला गेला नाही. मालकानं जनावरांच्या चोरीच्या भीतीनं त्याला गोठणाशीच झोपायला ठेवलं.

हिशेबाचा दिवस

ऑक्टोबरमध्ये मालकानं मांडलेला हिशेब असा. बर्फात मेलेल्या ६ मेंढ्या वजा. ४ शेळ्यांच्या बदल्यात २ मेंढ्या वजा. कोंडवाड्याचा दंड, २ मेंढ्या वजा. बारातून दहा गेल्या. कातडी त्यानं पाहिली, मान्यही केली, आणि वजावट तशीच ठेवली. मिळालेल्या २ मेंढ्या म्हाताऱ्या. बेवेस नाही.

कागद नसणं ही शेवटची आणि सगळ्यात वाईट गोष्ट. लेसोथोच्या २०००च्या जनावर-चोरीविरोधी कायद्यानंतर बिनकागदी जनावर विकता येत नाही, दुसऱ्या गावी नेताना अडवलं जातं, आणि स्वतःच्या मजुरीच्या मेंढ्या घेऊन निघालेलं पोर चोर ठरू शकतं. म्हणून थोरल्याला त्या दोन मेंढ्या मालकाच्याच कळपात ठेवाव्या लागल्या, आणि त्यासाठी दुसरं साल धरावं लागलं.

कायद्याच्या बाजूनं पाहिलं तर १४ वर्षांच्या मुलाला या कामावर ठेवणंच चूक आहे. लेसोथोच्या १९९२च्या कामगार संहितेनं कामाला लावण्याचं किमान वय १५ आणि धोक्याच्या कामासाठी १८ धरलं. धाकट्याला तर वरच्या मुक्कामाला पाठवायलाच नको होतं. पण १५ वर्षांच्या मुलाचीही बोली अशीच होते, तेव्हा बोली सुधारणं टळत नाही. मालकाचं भय खोटं नाही, हे धरूनच ती सुधारावी लागेल.

बोली गावप्रमुखासमोर व्हावी, दोन साक्षीदार असावेत, आणि एका वहीच्या पानावर ती लिहावी. मजुरी दर तिमाहीला तीन मेंढ्या. त्यांपैकी निदान दोन तरण्या माद्या, कानावर मुलाच्या घराची खूण त्याच दिवशी, आणि बेवेस त्याच्या घरच्या सज्ञान माणसाच्या नावे. मेंढ्या मालकाच्या कळपातच चरतील, पण त्यांची कोकरं मुलाची. तीन महिन्यांनी मुलगा निघून गेला तरी तीन मेंढ्या त्याच्या. हवामान, चोर आणि कोल्हा यांनी गेलेलं जनावर कातडी किंवा कान दाखवला, अथवा त्याच दिवशी निरोप दिला, तर मालकाच्या खात्यावर. निष्काळजीपणा ठरलाच तर तो गावप्रमुखानं ठरवायचा, आणि वजावट एका तिमाहीच्या मजुरीपलीकडे जाणार नाही. मालकाला खोटेपणाची भीती असते, तिला कातडीचा नियम उत्तर देतो. भुकेपोटी होणाऱ्या चोरीला चार आठवड्यांची फेरी.

आणखी एक कलम, जे या सालात असतं तर सहा मेंढ्या आणि चार शेळ्या वाचल्या असत्या: कळप हलवायचा निर्णय वर असलेल्या माणसाचा. मधल्या दरीत कुठे थांबायचं ती जागा ऑक्टोबरमध्येच मालक आणि गुराख्यानं एकत्र चालून पाहून ठेवायची, त्या खोऱ्याच्या चराईची परवानगी आधीच घ्यायची, आणि वायव्येचा उबदार वारा एप्रिलनंतर सुटला की निरोपाची वाट न बघता खाली उतरायचं. कातरलेल्या शेळ्या त्याआधीच मधल्या उंचीवर.

या कलमांनी वरच्याच सालाचा हिशेब पुन्हा मांडला तर असा दिसतो. जानेवारीअखेर तीन मेंढ्या, एप्रिलअखेर आणखी तीन, दोन्ही वेळा कानखूण आणि कागद झालेले. मेमधला दंड गावप्रमुखाकडे जातो. पीठ संपलं होतं हे पिशवीवरून दिसतं, तेव्हा दंड मालकाचा. कळप वेळेत हलला नाही असं धरलं तरी बर्फातली दहा जनावरं कातडीवर मालकाच्या खात्यात. जुलैअखेर तीन, ऑक्टोबरअखेर तीन. बारा मेंढ्यांपैकी निदान आठ माद्या, त्यांतल्या जानेवारी-एप्रिलला मिळालेल्या चार वसंतात विण्याच्या तयारीत.